नंदाचा टपोरा

नंदा वैतीला भूक लागली की तिची अक्षरं जाड व्हायची. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, आमच्या मरोळच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी काढलेला 'क' आणि डबा उघडायच्या आधी काढलेला 'क' शेजारी शेजारी ठेवला, तर दुसऱ्याचं पोट सुटलेलं असायचं. मग कुणीतरी ओरडायचं, "नंदा, जेवून घे गं, अक्षरं सुजायला लागली." ती ब्रश धुवायची, डबा उघडायची, आणि सुक्या बोंबलाच्या चटणीचा वास एसीतून अख्ख्या इमारतीत फिरायचा. वरच्या मजल्यावरच्या हिशेबनीसांच्या कंपनीनं एकदा रीतसर तक्रार केली. नंदा डबा घेऊन स्वतः वर गेली. त्यानंतर तक्रार आली नाही, पण जेवणाच्या सुट्टीत त्यांची माणसं आमच्याकडे "जरा पाणी मिळेल का" म्हणत यायला लागली.

आमचं ऑफिस अक्षरं बनवायचं. हे वाक्य मी आजवर कितीतरी लग्नांत आणि बारशांत सांगितलंय आणि समोरच्याचा चेहरा दरवेळी तसाच कोरा झालाय. "म्हणजे छापखाना का?" नाही हो. मोबाइलवर, पिशवीवर, नाटकाच्या जाहिरातीत जी निरनिराळ्या वळणांची अक्षरं दिसतात ती कुणीतरी माणसानं एकेक करून काढलेली असतात, आणि मग ती कॉम्प्युटरमध्ये जाऊन फॉन्ट होतात. आपल्या देवनागरीत तर जोडाक्षरं धरून शेकड्यांनी काढावी लागतात. तशी काढणारी माणसं आमच्याकडे होती. मी त्यांतली नव्हे. मी मुलुंडची, मराठी घेऊन एमए झालेली, कुठे जोडाक्षर तुटलंय, कुठे वेलांटी दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसलीय, हे तपासायला ठेवलेली. नंदानं पहिल्याच आठवड्यात माझं बारसं केलं. तेव्हापासून मी मास्तरीण.

"तू वाचतेस ना, तिथेच तुझी वाट लागते," ती मला म्हणायची. "अक्षर वाचायचं नसतं. बघायचं असतं."

स्वतः ती कागद उलटा करून बघायची. अक्षरं डोक्यावर उभी केली की त्यांचा अर्थ गळून पडतो आणि नुसतं अंग उरतं, असं तिचं म्हणणं होतं. कागद उलटा धरून, एक डोळा मिटून, ती अक्षरांची लफडी सांगत बसायची. ह्या 'ळ'ला झोप आलीय. हा 'ज्ञ' म्हणजे लग्नात रुसलेला मामा. 'र' भित्रा आहे, त्याला 'ट'च्या शेजारी बसवू नको, चिरडेल बिचारा. मला हसू यायचं आणि रागही. कारण ह्या बाईला अर्थाशी खरंच काही देणंघेणं नव्हतं. नवीन अक्षरं गिऱ्हाइकाला दाखवायची तर त्यात काहीतरी मजकूर लिहून दाखवावा लागतो. बाकीचे सुविचार लिहायचे. नंदा मासळी लिहायची. "घोळ, बांगडा, मुशी, तारली, खेकडा." घाटकोपरच्या एका सराफाला त्याच्या पेढीचं नाव नव्या वळणात हवं होतं. तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला, कपाळाला केशराचा टिळा, आणि समोरच्या भिंतीवर हातभर उंचीचं सोनेरी अक्षरांत 'सुकट'. आमच्या साहेबांचा चेहरा मी विसरणार नाही. सराफानं बराच वेळ बघून शांतपणे विचारलं, "हे काय असतं?" साहेब काही बोलायच्या आत नंदा म्हणाली, "दागिनाच आहे शेठ, आमच्याकडचा." मग सराफच आधी हसला. काम आम्हाला मिळालं.

टपोरा हा फॉन्ट तिनं ह्याच ऑफिसात काढला. तुम्ही तो पाहिलाय. नाव माहीत नसेल, पण पाहिलाय. जाडजूड, गुबगुबीत, पोट खाली झुकलेलं, मात्रा जरा एका बाजूला कललेल्या, आणि डोक्यावरची रेघ पट्टी न लावता एका दमात ओढलेली, त्यामुळे शब्द उभा न राहता किंचित डुलतो. वडापावच्या गाडीवर तोच, वेफरच्या पुडीवर तोच, दहीहंडीच्या टीशर्टवर, बालवाडीच्या दारावर, 'रूम भाड्याने देणे आहे'च्या चिकटवलेल्या कागदावर. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत ह्या उपनगरांत जिथे कुणाला हसतखेळत काही सांगायचंय तिथे टपोरा आहे. आपलं अक्षर इतकं गावभर झाल्यावर एखादीला शिंगं फुटली असती. नंदा रिक्षातून डोकं बाहेर काढून चुका शोधायची. "बघ बघ, ताणलाय मेल्यानं! आडवा ताणला! अरे, ते काय रबर आहे?"

एकदा जोगेश्वरीच्या सिग्नलला आमच्या पुढे एक पांढरी गाडी उभी होती आणि तिच्या पाठीवर टपोऱ्यात लिहिलं होतं, 'शववाहिनी'. ती डुलणारी वेलांटी, तो गोबरा 'श'. नंदा आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला, आणि मी हात धरेपर्यंत ती रिक्षातून उतरून त्या गाडीच्या ड्रायव्हरच्या खिडकीशी पोचलीसुद्धा.

"दादा, हे काय लावलंय मागे? ही बारशाची अक्षरं आहेत. खेळातली आहेत ती."

ड्रायव्हरनं तिच्याकडे वैतागून पाहिलं. "ताई, आधी बारीक नाव होतं. कोणी बाजूलाच होत नव्हतं. आता लांबून दिसतंय ना, लोक वाट देतात."

सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजले, ती परत येऊन बसली.  अंधेरी आल्यावर स्वतःशीच म्हणाली, "लांबून दिसतं म्हणाला."

ती गेली तेव्हा वेसाव्याला त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मंडळाच्या पोरांनी फ्लेक्स लावला होता. तिचा हळदीकुंकवातला फोटो, आणि खाली तिच्याच टपोऱ्यात, डुलत डुलत, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. पोरांना माहीत नव्हतं, किंवा माहीत असेलही. मी तिथे उभी राहून आधी शुद्धलेखन तपासलं. सवय. सगळं बरोबर होतं. मग मला रडू फुटलं.

हे टपोरं वळण तिला कुठून मिळालं ते तिनं मला एकदाच सांगितलं. माहेर आणि सासर दोन्ही वेसाव्याचंच, अंधेरीच्या पश्चिमेचा तो जुना कोळीवाडा. तिच्या बापाची होडी होती, 'धनलक्ष्मी'. बाकीचे लोक पेंटरला बोलवून नाव लिहून घ्यायचे. तिचा बाप स्वतः लिहायचा, होडीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या तोंडावर, निळ्यावर पिवळ्यानं. नाळ वळणदार, लाकूड खडबडीत, ब्रश केस झडलेला. बारीक काम जमायचंच नाही. म्हणून अक्षरं जाड.

"आणि जाडच हवीत," नंदा म्हणाली. "बंदरावर बाया उभ्या असतात ना. होडी लांब असते, लाटेवर हलत असते, नाळच तेवढी समोर दिसते. घरच्या बाईला तिथून कळलं पाहिजे, आपला माणूस आला. त्यासाठी असतं नाव. ते काय सजावट म्हणून नसतं."

एका वादळात 'धनलक्ष्मी' परत आली नाही. बाप आला नाही, होडीची फळीसुद्धा आली नाही. नंदा शाळेत होती तेव्हा. आईबरोबर ती बंदरावर उभी होती आणि वादळातून परत येणाऱ्या प्रत्येक होडीची नाळ वाचत होती. आईला वाचता येत नव्हतं. म्हणून ही मोठमोठ्यानं वाचून सांगायची. ही आपली नाही. हीपण नाही.

"सगळ्या वाचल्या," ती म्हणाली. मग चहाचा कप धुवायला उठून गेली.

ती अक्षरं तिनं नुसत्या आठवणीवर पुन्हा काढली. टपोऱ्याची सुरुवात त्या एका नावानं झाली आणि मग तिच्या हाताला ती सवयच जडली. नवा ब्रश आणला की हात सैल करायला आधी रद्दीच्या पेपरवर 'धनलक्ष्मी' लिहायची, आणि मग कामाला लागायची. आमच्या रद्दीवाल्याकडे त्या नावाचे ढीग गेले असतील.

आता मला जे सांगायचंय ते सांगताना माझा हात जड होतो, पण सांगते.

एका सकाळी ती नेहमीसारखी आली, कॉम्प्युटर लावला आणि तिथूनच ओरडली, "मास्तरीण, कोणीतरी माझा कॉम्प्युटर चायनीज करून ठेवलाय यार!" आम्ही हसलो. ऑफिसात असले चावटपणे चालायचे. मी उठून बघायला गेले. पडद्यावर सरळ मराठी होतं. मी म्हटलं, "काय झालंय? ठीक तर आहे." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पेपरकडे, मग पाण्याच्या बाटलीवरच्या कागदाकडे. मग भिंतीकडे, जिथे तिचा स्वतःचा टपोरा 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत लावलेला होता. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "दिसतंय गं," ती म्हणाली. "सगळं दिसतंय. पण बोलत नाय काय."

मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. लहानशी. हात शाबूत, पाय शाबूत, जीभ तर काय विचारूच नका. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, डोळे चांगले आहेत, आणि अक्षरांची ओळखही आत कुठेतरी जागेवर आहे, पण एकीकडून दुसरीकडे जायचा रस्ता बंद पडलाय. लिहिता येईल, वाचता येणार नाही. आम्हाला हे पटेना. लिहिलेलं स्वतःचंच वाचता येणार नाही, असं कसं होईल? त्यांनी नंदाच्या हातात पेन दिलं. तिनं झरझर लिहिलं, 'माझे नाव नंदा मोरेश्वर वैती.' काय सुरेख लिहिलं होतं. बाईंनी कागद काढून घेतला, क्षणभर थांबल्या, आणि परत तिच्यासमोर धरला. "वाचा."

नंदा बराच वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, "कोणी लिवलंय?"

तिचा नवरा मोरेश्वर, मी त्यांना दादा म्हणते, उठून बाहेर गेले. धिप्पाड माणूस, आयुष्य दर्यावर काढलेला. जिन्याच्या कठड्याला धरून ते उभे होते.

जन्मभर आम्हाला 'वाचू नका, बघा' म्हणणाऱ्या बाईला देवानं नुसतं बघायला ठेवलं. ह्या देवाशी माझं तेव्हापासून फारसं पटत नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक उपाय दिला होता. अक्षरावरून बोट फिरवायचं. डोळ्यांचा रस्ता बंद आहे, पण हाताचा उघडा आहे. बोट वळलं की हात ओळखतो आणि आतून अक्षर सांगतो. नंदा हट्टी, तिनं तेच धरलं. रिक्षात बसली की बाहेरच्या पाट्यांकडे बघत हवेत बोट फिरवायची, एकेक अक्षर पुटपुटायची. 'दूध' लवकर यायचं. 'डेअरी'पर्यंत रिक्षा पुढे गेलेली असायची. रस्त्यावरची माणसं बघायची, एखादा कपाळाला बोट लावून खूण करायचा, तिला फिकीर नव्हती. आणि तिच्या ध्यानात आलं की बारीक अक्षरं तिला अजिबात लागत नाहीत, पण टपोरा लागतो. तो मुळात ब्रशच्या एका दमात काढलेला, त्यामुळे बोटाला वाट सापडायची. "बघ," ती म्हणाली, "माझ्या पोरानंच माझा हात धरला." पोर म्हणजे टपोरा. खरा पोरगा चेतन, आणि तिचा सगळा जीव आता त्याच्यातच अडकला होता.

चेतन अंधेरीतल्या एका मॉलमध्ये नोकरीला होता. मोरेश्वरदादांचे गुडघे गेले, जुनी होडी थकली, आणि पोरानं एक दिवस जाहीर केलं की नोकरी सोडतो, नवी होडी बांधायची आणि मीच नेणार. नंदा त्याला नाही म्हणाली नाही. कोळणीनं पोराला दर्यावर जाऊ नको म्हणायचं नसतं, असं ती मला म्हणाली. पण त्याच वाक्याला जोडून म्हणाली, "मास्तरीण, त्याची होडी आली तर मना कळणार कशी?"

मी वेड्यासारखी म्हटलं, "अगं, फोन करेल की तो."

"माझा बाप परत यायच्या वेळी ना, आय बंदरावर उभी होती, वाचणारी मी होते. आता मी उभी राहणार आणि वाचणारं कोण?"



मग तिनं ठरवलं. नव्या होडीचं नाव 'एकवीराप्रसाद', तिच्या सासूबाईंनी देवीपुढे आधीच सांगून ठेवलं होतं. ते नाव ती स्वतः लिहिणार, बापासारखं, नाळेवर, ब्रशनं. आणि ते लांबून वाचायला शिकणार. त्यासाठी आम्ही वेसाव्याच्या समुद्रकिनाऱ्यावर शिकवणी सुरू केली. पुठ्ठ्यावर तिनं टपोऱ्यात नाव लिहून दिलं. मी तो पुठ्ठा धरून मागे मागे जायची आणि तो होडीसारखा हलवायची. ती बोट हवेत धरून उभी. फिरायला आलेले लोक थांबून बघायचे, एका आजोबांना वाटलं आम्ही मोर्चाची तालीम करतोय. मी जवळ होते तोवर ती वाचायची. "ए... क... वी..." मी आणखी मागे गेले, पुठ्ठा डोलवला, की तिचं बोट हवेत भरकटायचं. मी पुढे यायची, पुन्हा मागे जायची. एका संध्याकाळी तिनं हात खाली टाकला आणि वाळूत बसली. "जवळ आहे तोवर बोलतं गं. लांब गेलं की मुकं." मी तिच्या शेजारी बसले. पुठ्ठा माझ्या मांडीवर होता, तो मी उलटा करून ठेवला.

तरी होडीवर लिहायचं तिनं सोडलं नाही. मार्गशीर्षातला गुरुवार होता. होडी नवीकोरी, निळी, बंदरावर टेकू देऊन उभी. पूजेचं ताट, नारळ, झेंडूच्या माळा, घरची माणसं आणि शेजारचे चारदोन. मला मुद्दाम बोलावलं होतं. नंदा स्टुलावर चढली. चेतननं अंधेरीच्या बाजारातून तिच्यासाठी नवा ब्रश आणला होता, चांगला रुंद. तिनं तो पिवळ्या रंगात बुडवला, डोळे मिटले, आणि लिहायला लागली.

काय हात चालला त्या दिवशी! ऑफिसात वर्षानुवर्षं तिला काढताना मी पाहिलंय, पण असं कधी नाही. डोळे उघडून बघायची गरजच नव्हती, बघून तिला काय कळणार होतं. नाळेच्या गोलाईवर ती अक्षरं अशी बसत गेली की जणू लाकडातूनच वर आली. आम्ही सगळे तिच्या हाताकडेच बघत होतो. म्हणून आम्हाला उशिरा कळलं.

आधी सासूबाईंच्या तोंडून बारीकसा आवाज आला. मग मोरेश्वरदादांनी त्यांचा दंड धरला. तोवर माझंही वाचून झालं होतं.

'धनलक्ष्मी.'

ब्रश नवा होता. हातानं नव्या ब्रशनं जे नेहमी पहिल्यांदा लिहिलं तेच लिहिलं, आणि डोळ्यांनी त्याला अडवलं नाही. बुडालेल्या होडीचं नाव, जिनं तिच्या बापाला नेलं तिचं, पोराच्या नव्या होडीवर. आजूबाजूच्या बायांनी पदर तोंडाला लावले. 

नंदा स्टुलावरून उतरली. चेहरा घामानं आणि आनंदानं चमकत होता. "अहो, कसं आलंय?"

मोरेश्वरदादा म्हणाले, "झकास." आवाज अगदी सरळ ठेवला त्यांनी. "एकवीराप्रसाद. झकास लिवलंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. चेतन होडीच्या पलीकडे तोंड फिरवून उभा होता. मनात मी हिशेब करत होते, की तिला घरी नेलं की दादा पुसून घेतील, पेंटरकडून दुसरं लिहून घेतील, तिला काय कळणार. मला वाटतं तिथे उभं असलेलं प्रत्येक माणूस हेच ठरवत होतं. तिच्यावर आमची सगळ्यांची माया होती आणि त्या मायेत आम्ही तिला आंधळी धरून चाललो होतो.

पण ती वळली आणि आपल्या अक्षरांकडे परत गेली. ओल्या रंगाला न लागता, तसूभर अंतर ठेवून, तिनं बोट फिरवायला सुरुवात केली. दादा म्हणाले, "नंदा, चल गो, पूजा ऱ्हायलीय." ती थांबली नाही. बोट पहिल्या अक्षराच्या गाठीवरून फिरलं, खाली पोटातून आलं, दांडीवरून उतरलं.

"ध," ती म्हणाली.

मग पुढे. "न."

पुढचं तिनं मोठ्यानं म्हटलं नाही. पण बोट शेवटपर्यंत गेलं, एकदाही न अडखळता. आजारपणानंतर तिनं एका दमात पुरा वाचलेला पहिला शब्द तो. मी दोन पावलांवर उभी होते, मला धावत जाऊन तिला धरावंसं वाटत होतं.

"खोटं बोललात," ती नवऱ्याला म्हणाली. रागानं नाही. "मी वाचलं."

चेतन पुढे आला. "राहू दे, आई. आजाची होडी होती. एवढं भारी लिवलंयस तू. मी हीच घेऊन जातो."

"नको."

"मी नाय घाबरत."

"मी घाबरतंय!" ती एवढ्या जोरात ओरडली की पलीकडच्या होडीवर जाळी शिवत बसलेली माणसं उठून उभी राहिली. "ह्या नावाला मी एकदा उभी ऱ्हायलंय इथं. परत नाय ऱ्हाणार."

तिनं स्वतःच टर्पेंटाइन मागून घेतलं आणि फडक्यानं पुसायला लागली. पिवळा रंग निळ्यात फाकला, हात कोपरापर्यंत माखले. ती अक्षरं तिच्या सगळ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर होती. माझ्या पर्समध्ये मोबाइल होता आणि मी फोटो काढला नाही. कसा काढणार? पुसून झाल्यावर मोरेश्वरदादांनी विचारलं, आता पेंटरला बोलवू का? स्टिकर करून आणू का?

नंदा फडकं पिळत होती. म्हणाली, "काय लिवू नका. नंबर हाय ना केबिनवर, बास झाला. सगळ्यांच्या नाळेवर लिवलेलं असतंय, मना सगळ्या सारख्याच. एक कोरी आली की मना कळेल."

सासूबाई म्हणाल्या, बिननावाची होडी कुणी नेतं का दर्यात?  चेतननं आईच्या हातातलं फडकं घेतलं आणि निळ्यावर राहिलेला पिवळा डाग स्वतः साफ केला. मग नारळ फुटला.

मी तिला शेवटची पाहिली ती संक्रांत होऊन गेल्यावर. दुसरा झटका आला तेव्हा मी गावाला होते, पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. म्हणून माझ्याजवळ आहे ती बंदरावरची संध्याकाळच. उलट्या घातलेल्या प्लास्टिकच्या क्रेटवर ती बसली होती, पायाशी टोपली. मी तिळगूळ नेला होता, तो तिनं न बघताच तोंडात टाकला. होड्या यायला लागल्या होत्या. पुढून येणाऱ्या नाळा एकामागून एक उजेडात यायच्या आणि मी सवयीनं वाचत होते. त्यांतल्या कितीतरी नावांची अक्षरं टपोऱ्याची होती. हल्ली स्टिकरवाले तोच वापरतात. तिनं बापाकडून घेऊन जगाला दिलेलं वळण पाण्यावरून डुलत डुलत तिच्याकडेच परत येत होतं, आणि ती प्रत्येकाकडे क्षणभर बघून नजर काढून घेत होती. तिला सांगावं असं माझ्या मनात आलं. नाही सांगितलं.

"थंडी वाजतेय का गं?" मी विचारलं. तिनं हातानंच मला गप्प केलं.

खूप लांब, खाडीच्या तोंडाशी, आणखी एक होडी दिसत होती. मी डोळे बारीक करून नाव लागतंय का बघत होते. नंदा उठून उभी राहिली.

"आला," ती म्हणाली, आणि टोपली उचलून पाण्याच्या दिशेनं भराभर चालायला लागली. मला अजून ती होडी कोरी आहे की नुसतीच लांब आहे, हेच कळत नव्हतं.